हनुवटीच्या मापाचा दांडा

तलवारीने किंवा मुकुटाने आपली कहाणी सुरू केली की सगळे कान टवकारतात. माझ्यासाठी कुणी टवकारणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो. मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. उभ्याने गवत कापायचा जो लांब विळा असतो, त्याचा लाकडी दांडा. पाते चकाकते, त्याचे कौतुक होते. पाते गवताला भिडते ते मात्र माझ्या जोरावर, आणि मला जोर मिळतो तो माणसाच्या हातातून. कौतुक वरून खाली येता येता वाटेतच संपते. आमच्या गावात सगळ्याच गोष्टींचे तसे होते.

माझा जन्म सरदाराच्या रानातला. ॲश नावाच्या चिवट लाकडाच्या झाडाची मी एक फांदी होतो. त्या रानातले उभे झाड तोडायला गावाला बंदी होती. वादळाने पाडलेले आणि वाळून गेलेले तेवढे गावाचे. थोडक्यात, मेलेले ते गावाचे आणि जिवंत ते सरदाराचे. हा नियम लाकडाचा म्हणून सांगतात, पण माझे आयुष्य संपत आले तरी मला तो फक्त लाकडाचा वाटलेला नाही.

एका वादळाने मला खाली पाडले आणि ऑस्बर्न नावाच्या उंच माणसाने मला उचलले. तो त्या जमिनीला बांधलेला कुळवाडी होता. सरदाराच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नव्हते, लेकीचे लग्न करता येत नव्हते, स्वतःच्या घरात दळणसुद्धा दळता येत नव्हते. पण हिवाळ्यात चुलीशी बसून एखादे लाकूड तासायला अजून कुणाची परवानगी लागत नव्हती. त्याने मला धुरावर शेकले, दगडांखाली दाबून हवा तसा बाक दिला, तुटक्या सुरीने खरवडले आणि डुकराची चरबी चोळली. दोन मुठी ठोकल्या. शेवटी वरच्या टोकापाशी सुरीने तीन रेघा कोरल्या, कोंबडीच्या पायासारख्या. त्याला अक्षर येत नव्हते. ती त्याची खूण.

मी बरोबर त्याच्या हनुवटीपर्यंत यायचो. गवत कापायच्या दांड्याचे माप असे माणसाच्या अंगावरून घेतात. दुसऱ्याचा दांडा घेऊन कापू पाहिले तर पाठ मोडते.

चौदा वर्षे आम्ही दोघांनी गवत कापले. जूनमधला सेंट जॉनचा सण झाला की गावातल्या प्रत्येक घराने सरदाराच्या कुरणात तीन दिवस कापणीला एक माणूस पाठवायचा. मजुरी नाही. गढीवरून पाव, चीज आणि पातळ बिअर यायची, आणि दिवस संपला की एक गंमत असायची. गंमत म्हणायची सरदाराने. आमच्यासाठी तो हिवाळ्याचा चारा होता.

रिवाज असा होता. कापणाऱ्याने पाते उतरवून ठेवायचे आणि नुसत्या दांड्यावर जेवढे हिरवे गवत उचलता येईल तेवढे घरी न्यायचे. कुरणाच्या कडेला ओढ्याजवळ एक विलोचे झाड होते, तिथपर्यंत ते न्यावे लागे. वाटेत दांडा मोडला किंवा दांड्याचे टोक जमिनीला लागले, तर सगळे गवत सरदाराचे आणि वर दंड. सरदाराची पोरे घोड्यांवर बसून हे बघायला यायची. कुणाचा दांडा मोडला की टाळ्या पिटायची. ज्याचा मोडला तो माणूसही त्यांच्याबरोबर हसायचा. ते हसणे मी जवळून पाहिले आहे.

ऑस्बर्न बलदंड होता. दरवर्षी सगळ्यांत मोठा भारा त्याचा असायचा. शेवटच्या वर्षी घरात नवी कालवड होती म्हणून त्याने रोजच्यापेक्षा एक कवळ जास्त घेतले. विलोच्या झाडापासून दहा पावलांवर माझ्या आत काहीतरी कट् झाले. कुणाला ऐकू आले नाही. मी मोडलो नाही, वाकलो नाही, त्याला घरापर्यंत पोचवले. पण मला कळले होते. ज्या तीन रेघा त्याने प्रेमाने कोरल्या होत्या, त्यांनीच माझ्या लाकडाचे धागे कापले होते. खुणेतून एक बारीक चीर आत गेली होती. वरून चरबीने आणि घामाने ती बुजलेली. मी गप्प राहिलो. दुसरे करणार काय? मला बोलता येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला लाजही वाटत होती. वाटले, तडा गेलेला दांडा चुलीत जातो.

त्याच हिवाळ्यात सरदाराच्या गढीसाठी ओंडके ओढताना गाडीचे चाक ऑस्बर्नच्या अंगावरून गेले. तीन दिवसांनी तो वारला. थडग्यावरची माती ओली होती तेव्हाच सरदाराचा कारभारी हेमो दारात उभा राहिला. घरचा कर्ता गेला की त्याचे सर्वांत चांगले जनावर सरदाराने घ्यायचे, असा हक्क होता. बैल गेला. दुसरे चांगले जनावर चर्चचे. कालवड गेली. उरली ती एक तांबडी गाय. ती म्हातारी होती म्हणून उरली.

त्या रविवारी पाद्रीबाबांनी सांगितले की देवाने माणसे तीन प्रकारची केली. एक प्रार्थना करणारे, एक लढणारे आणि एक राबणारे. तिघांनी आपापले काम केले की जग सुरळीत चालते. मित्रांनो, मी नंतर पुष्कळ वर्षे भिंतीवर टांगलेला होतो आणि विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला. ही वाटणी तिसऱ्या प्रकारच्या माणसाच्या तोंडून मी एकदाही ऐकली नाही.

ऑस्बर्नच्या मागे त्याची बायको गुनिल्डा आणि दोन लहान मुली राहिल्या. मुली तांबडीच्या दुधावर होत्या. गुनिल्डाकडे कुरणाचा तुकडा नव्हता. सेंट मार्टिनच्या सणाला, थंडी पडायच्या तोंडावर, ज्या जनावराच्या चाऱ्याचा भरवसा नाही ते कापायचे, अशी रीत होती. म्हणजे हिशेब सरळ होता. जूनमध्ये दांड्यावर गवत मिळाले तर तांबडी जगणार, नाहीतर सुरी.

"नवरा कर," हेमो तिला म्हणाला. "बाईच्या घरातून कापणीला कोण येणार?"

"मी येणार."

"तू? विळा उचलता येईल?"

"चौदा वर्षं त्याला धार कुणी लावली असं वाटतं तुम्हाला, कारभारी?"

कापणीच्या पहिल्या दिवशी तिने मला खांद्यावर टाकले. पुरुषांनी वाट सोडली, आणि तोंडही सोडले.

"ए, जपून गं. गवत खाली असतं."

"विळा हिला घेऊन चाललाय का ही विळ्याला?"

दिवस वाईट गेला. मी ऑस्बर्नच्या मापाचा होतो आणि ती त्याच्या खांद्याला लागायची. प्रत्येक फटक्याला माझे वरचे टोक तिच्या कानशिलावर आपटत होते. मला थांबता येत नव्हते. दुपारपर्यंत तिच्या तळहाताला फोड आले, संध्याकाळपर्यंत ते फुटले. पण तिच्या वाट्याचा गवताचा पट्टा तिने पुरा केला. मग पाते उतरवले, गवत गोळा केले आणि ती मला त्याखाली घालणार, तोच हेमो पुढे आला.

"थांब. माप."

त्याने मला तिच्याशेजारी उभे केले. मी तिच्या डोक्याच्याही वर गेलो.

गोष्ट अशी होती की आदल्या वर्षी काही जणांनी जास्त गवत उचलायला लांबच लांब जाड वासे आणले होते. चिडून हेमोने गावसभेत नवा नियम करून घेतला होता. दांडा कापणाऱ्याच्या हनुवटीपेक्षा उंच नसावा. बारा म्हाताऱ्यांनी शपथेवर मान डोलावली होती. आमच्याकडे कायदा कागदावर कमी आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यात जास्त असायचा.

"हा दांडा हनुवटीवर जातो," हेमो म्हणाला. "गवत ठेव खाली."

"सकाळी सांगायचं होतं. दिवसभर कापून घेतलंत."

"कापायला कुठलाही दांडा चालतो. उचलायला नाही."

गुनिल्डा बाराजणांतल्या सर्वांत वयस्क माणसाकडे वळली. "एल्विनबाबा, असं आहे का?"

एल्विनबाबांनी काठीकडे बघत उत्तर दिले. "आहे, पोरी. आम्हीच शपथ घेतली. बिअर प्यायलो होतो त्या दिवशी."

"उद्या हनुवटीच्या मापाचा दांडा आण," हेमो म्हणाला. "नाहीतर उद्याही रिकाम्या हातानं जा."

तिचे गवत सरदाराच्या गाडीत पडले. ती मला घेऊन घरी आली. तेव्हा अजून ऊन होते, जूनमध्ये आमच्याकडे सूर्य लवकर जात नाही. शेजारीण सबिना आपल्या नवऱ्याची करवत घेऊन तिच्या मागोमागच आली.

"मेला हेमो," सबिना म्हणाली. "दांडा आखूड म्हणजे गवत कमी. त्याला तेच हवंय. नवीन तरी कुठून आणणार तू? झाड तोडलंस तर आणखी दंड, आणि ओलं लाकूड काय कामाचं. कापूनच टाक झालं."

"कापते."

"पण खालून काप हं. वर त्याची खूण आहे."

"खालूनच. वरचं कसं कापीन मी?"

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ती मी कुणालाच कधी सांगितली नाही. खालचे टोक निरोगी होते. चीर वर होती, खुणेत. खालून कापले तर मी मापात बसणार होतो, हेमोची खात्री पटणार होती आणि दुसऱ्या दिवशी भाऱ्याखाली मी नेमका तिच्या हातात दुभंगणार होतो. मोडलेला दांडा म्हणजे गवत गेले. गवत गेले म्हणजे तांबडी गेली. हे सगळे मला एकट्याला ठाऊक होते, आणि मी लाकूड होतो. एक वर्ष लाजून गप्प बसलो होतो. आता ओरडायचे होते तर तोंड नव्हते.

गुनिल्डाने मला मांडीवर आडवे घेतले आणि करवत खालच्या टोकाला लावली. मग थांबली. दुसऱ्या हाताने तिने वरची खूण चाचपली, त्या तीन रेघांवरून बोट फिरवले. निरोप घेतात तसे.

बोलता येत नसले तरी लाकडाला टोचता येते. मी टोचले. चिरेच्या कडेची एक बारीक सळी तिच्या बोटात गेली.

"आई गं!"

तिने बोट तोंडात घातले, मग रक्त पुसून खुणेकडे पाहिले. नखाने खरवडले. चरबी निघाली आणि खाली काळी रेघ दिसली. तिने मला दोन्ही हातांनी किंचित वाकवले. चिरेने तोंड उघडले.

"सबिना. बघ हे."

सबिनाने वाकून बघितले आणि छातीवर क्रूस काढला. "अगं बाई. हा तर आतून गेलाय."

गुनिल्डाने चीर मिटवली, पुन्हा उघडली. मग तिला हसू आले. नवरा गेल्यापासून मी तिचे हसणे ऐकले नव्हते. हसता हसताच तिचे डोळे वाहायला लागले.

"ऑस्बर्न, मेल्या," ती म्हणाली, "खूण करायला दुसरी जागा नाही का मिळाली तुला?"

आणि तिने वरून कापले. एक वीत आणि चार बोटे. मला वाटले होते दुखेल. दुखले नाही. वर्षभर कुणी गळा धरून ठेवावा आणि अचानक सोडावा, तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी हेमोने सकाळीच मला मापले. मी तिच्या हनुवटीला बरोबर टेकलो.

"कापणीला आलीस का रस्सा ढवळायला?" त्याने विचारले. सगळे हसले. तो खुशीत आला आणि मोठ्याने म्हणाला, "सगळ्यांनी ऐका. या पळीवर हिला जेवढं उचलता येईल तेवढं हिचं. माझी हरकत नाही."

त्या दिवशी मी तिच्या कानशिलावर आपटलो नाही. तिच्या कमरेबरोबर वळलो, तिच्या श्वासाबरोबर थांबलो. दुपारी पाव खाताना आदल्या दिवशीच्या त्या दोघा पुरुषांनी थट्टा केली नाही. त्यांचे लक्ष तिच्या पट्ट्याकडे होते.

संध्याकाळी मात्र अडचण आली. तिचे तळहात सोलून निघाले होते. भारा उचलताना दांडा पुढे दोन्ही मुठींत घट्ट धरावा लागतो. तिने धरून पाहिले, बोटे मिटेनात. सबिना दुरून बघत होती. तिने तोंडावर हात ठेवला.

गुनिल्डाने मला खाली ठेवले. गवताचे दोन भारे केले. गवताचेच पीळ घालून दोर वळले. एक भारा माझ्या या टोकाला बांधला, एक त्या टोकाला. मग गुडघे टेकून तिने मानेखाली, खांद्यांवर मला घेतले आणि उठली. ओढ्यावरून पाण्याच्या दोन बादल्या ती आयुष्यभर अशाच आणत आली होती. गावातली प्रत्येक बाई आणते. इतकी वर्षे गवत उचलायला फक्त पुरुष येत होते आणि एकाही पुरुषाला हे सुचले नव्हते, कारण एकाही पुरुषाने कधी पाणी आणले नव्हते.

"हे काय?" हेमो धावत आला. "हे चालणार नाही! खांद्यावर नाही उचलायचं!"

"एल्विनबाबा," गुनिल्डा भाऱ्यांच्या मधून म्हणाली, "लवकर सांगा. जड आहे."

एल्विनबाबा या वेळी काठीकडे बघत नव्हते. "दांड्यावर उचलायचं. दांडा मोडायचा नाही. जमिनीला टेकायचा नाही. आजोबांकडून मी एवढंच ऐकलंय. हातानं का खांद्यानं, ते रिवाजात नाही." मग थोडे थांबून ते म्हणाले, "आणि कारभारी, सकाळी तुम्ही म्हणालात, हिला जेवढं उचलता येईल तेवढं हिचं. आम्ही ऐकलं. तुम्हीच ऐका म्हणालात."

"म्हणालात बुवा!" मागून कुणीतरी ओरडले.

ती निघाली. मी जर जुन्या लांबीचा असतो तर माझी टोके वर-खाली हेलकावत कधीच जमिनीला लागली असती. आता दोन्ही भारे तिच्या अंगालगत होते. तरी वजन असे होते की मी मधे वाकलो. निम्म्या वाटेवर आवाज झाला. कर्रर्र.

सगळ्यांच्या माना वळल्या. हेमोच्या तोंडावर हसू यायला लागले. मला वाटले, चीर आपल्याला वाटली त्याहून खोल होती. मी आतल्या आत धागा धागा चाचपला. सगळे धागे जागेवर होते. करकरला होता तो गवताचा दोर, डाव्या बाजूचा. तो थोडा सैल झाला, घसरला आणि थांबला.

"चल पोरी!" एल्विनबाबा म्हणाले.

ती चालली. सबिना बाजूने चालत होती, हात न लावता, नुसती चालत होती. मग आणखी दोन बायका. विलोच्या झाडाशी गुनिल्डा पोचली, गुडघ्यांवर बसली आणि भारे हलकेच जमिनीवर ठेवले. ऑस्बर्नच्या सर्वांत मोठ्या भाऱ्यापेक्षाही ते गवत जास्त होते. तिने मला मानेवरून काढले आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. तिचा श्वास हळूहळू खाली बसत गेला. माझाही, मला असता तर.

तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेवढेच नेले. त्याच दिवशी एका आडदांड कापणाऱ्याने खांद्यावर उचलून पाहिले. त्याला पाणी आणायची सवय नव्हती. चौथ्या पावलाला तो भाऱ्यांसकट गोल फिरला आणि गवतात बसला. त्या हसण्यात तो स्वतःही खरोखर हसला.

पुढच्या गावसभेत हेमोने खांद्यावर उचलायला बंदी मागितली. त्यासाठी बारा म्हाताऱ्यांनी शपथ घ्यायला हवी होती. म्हाताऱ्यांना त्या दिवशी नेमके काही ऐकू येईना.

सेंट मार्टिनच्या सणाला गावात सुऱ्या निघाल्या. आमच्या दारात निघाली नाही. तांबडी आणखी दोन हिवाळे दूध देत राहिली.

आता त्याला फार वर्षे झाली. मुलींची लग्ने झाली, सरदाराला त्याचे देणे देऊन. कुरणात आता मजुरीची माणसे कापतात आणि दांड्याची गंमत बंद पडली. मी भिंतीवर लटकतो आहे, किड्यांनी मला चार ठिकाणी भोके पाडली आहेत आणि चरबी चोळून किती दिवस झाले ते आठवत नाही. पण ज्या खुंटीवर मी लटकतो ती माझाच तुकडा आहे. एक वीत आणि चार बोटे, कोंबडीच्या पायाची खूण असलेला. गुनिल्डाने तो भिंतीत ठोकला आणि मला त्याच्यावर ठेवले. भाऱ्याखाली तो टिकला नसता. एका म्हाताऱ्या दांड्याचे वजन तो अजून आरामात सोसतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी जुना दांडा असेल तर त्याला कोरडी जागा द्या, वर्षातून एकदा तेल लावा आणि हात फिरवून बघा. टोचला तर रागावू नका. तो काहीतरी सांगत असेल. आणि कधी तुमच्या हातात माप आले, तर आमच्या गावाने शंभर वर्षे जे केले ते करू नका. दांडा माणसाच्या मापाने कापा. माणूस दांड्याच्या मापाने कापू नका.